कापसात भरलेली वीणा

माझी शाळा तिसरीपर्यंत झाली. त्यातली दुसरी मी दोनदा केली, म्हणून मी लोकांना चौथीपर्यंत शिकलो असं सांगतो. सही करता येते. अक्षर मोठं आहे, बँकेतल्या चौकटीत मावत नाही. पण ते माझंच आहे हे कुणालाही ओळखू येतं. एवढं सांगायचं कारण असं, की मला शिकवायला आलेल्या माणसाचं मी आयुष्यात ऐकलं नाही. एकदा ऐकायला पाहिजे होतं. ती हकीकत ही.

आमचं गाव परतूरच्या अलीकडं. गावाच्या भजनी मंडळाची वीणा माझ्या घरी असते. खाली भोपळा, त्यावर लाकडी दांडी, चार तारा. तरणा असताना मीच ती जालन्याहून रेल्वेनं आणली होती, परतूरपर्यंत मांडीवर घेऊन. मांडी सोडली तर त्या प्रवासात माझं कौशल्य काहीच नव्हतं, पण त्या दिवसापासून मी वीणेचा जाणकार झालो. आतल्या खोलीत खुंटीला ती टांगलेली असते. आमच्या घरच्या बाईनं तिला जुन्या लुगड्याची खोळ शिवली आहे. मंडळाला भजनाला पाहिजे असली तर माझ्या दारात येऊन उभं राहावं लागतं, आणि मी घरात असलो तरी लगेच बाहेर येत नाही.

मला सुरातलं कळतं असं मात्र कुणी समजू नये. तार छेडायची, एवढंच येतं. वीणा लावायची ती पेटी वाजवणारा लावतो. तो लावत असताना मी डोळे मिटून मान हलवतो. त्याला वाटतं मला कळून राह्यलं.

मागच्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. ती घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या काठच्या एका गावात दिली आहे. तिच्या गावात सप्ताह बसायचा होता. सप्ताहाचा नियम सगळ्यांना माहीत आहे. सात दिवस नामस्मरण चालतं आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. रात्रंदिवस, उभ्यानं. वीणाच नसली तर सप्ताह बसत नाही. त्यांच्या गावाची स्वतःची वीणा नव्हती, दरवर्षी शेजारच्या गावची आणायचे. औंदा शेजारच्या गावचा सप्ताहही त्याच आठवड्यात निघाला. गावाची बैठक भरली, माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली, आणि बायकांच्या घोळक्यातून माझी लेक उठून म्हणाली, "वीणा माझे वडील आणतील."

"आबा, मी चारचौघांत बोलून बसले," ती फोनवर म्हणाली. "आमची मोठी जाऊ म्हणाली, माहेरचं तुणतुणं येतंय का बघू. तुमी नक्की आणताल न्हवं?"

"तुणतुणं म्हणली?"

"म्हणू द्या. गुरुवारी सकाळी सप्ताह बसतो. बुधवारी दुपारपर्यंत वीणा इथं पाहिजे. गावात आता माझी मान तुमच्या हातात हाय."

मी म्हणालो, तुझी मान आणि वीणेची मान, दोन्ही माझ्याकडं सुखरूप आहेत. असं बोलायला मला फार आवडतं.

पोराचं परतूरला दुकान आहे. तो म्हणाला, "मी मोटार घेऊन येतो. फोमच्या गादीत गुंडाळून नेऊ." मी म्हणालो, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी वीणा नेऊन राह्यलो. खरं तर इतक्या वर्षांत ती आमच्या गावाच्या शिवेबाहेर चार-पाच वेळाच गेली असेल, तीही माणसाच्या गळ्यात. मंग पोरानं परतूरच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला विचारून मला फोन लावून दिला. तो माणूस फार नम्रपणे म्हणाला, "बाबा, तारा ढिल्या करा. भोपळ्याला मऊ कपड्याचे दोन-तीन वेढे द्या. वरून दाब बिलकुल येऊ देऊ नका. भोपळा म्हणजे वाळलेलं फळ हाय, लाकूड न्हाई."

"बराबर हाय," मी म्हणालो, आणि फोन ठेवून घरच्या बाईला म्हणालो, "हा मला भोपळा म्हणजे काय ते सांगून राह्यला. मी शेतकरी हाय का तो?"

"तो सांगतो ते करा की," ती म्हणाली.

"तारा ढिल्या केल्या तर तिथं लावणार कोण?"

"इथं तरी तुमी कवा लावल्या?"

अशा बोलण्याला मी उत्तर देत नाही.

माझ्या डोक्यात दुसरीच योजना होती. नुकतीच कापसाची दुसरी वेचणी झाली होती. पडवीत छातीएवढा कापूस. आता सांगा, जगात कापसापेक्षा मऊ काय आहे? लोक विकतचं फोम आणतात आणि आमच्या घरात कापूस लोळतो. मी गोणपाटाच्या दोन बारदान्यांतल्या एकाचा तळ उसवून दुसऱ्याच्या तोंडाला शिवला, वीणेच्या मापाचं उंच पोतं केलं. तळाला हातभर कापूस घातला. त्यावर भोपळा ठेवला. चहूबाजूंनी कापूस सोडला. दांडी पोत्याच्या तोंडातून वर आली. कापसाच्या ढगावर वीणा बसली होती. मला माझाच अभिमान वाटला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथं थांबलो असतो तर हे लिहायची पाळी आली नसती.

पण कापूस पोत्यात भरायची एक रीत आहे. कापूस फुगतो. भरलेलं पोतं बघता बघता अर्धं रिकामं वाटतं. म्हणून पोत्यात माणूस उतरतो आणि कापूस पायानं तुडवतो. टाच आधी टेकवायची, अंगाचा भार टाकायचा, गोल गोल फिरायचं. लहानपणापासून माझं हेच काम. आमच्या आळीत माझ्याएवढं घट्ट पोतं कुणी भरत नसे. व्यापारी पोत्याला हात लावून म्हणायचे, दगड भरला का. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी.

मी वीणेला हलवून बघितलं. हलली. मनात आलं, ढिलं राहिलं तर गाडीत हेलकावे बसतील. धोतर खोचलं, एका हातानं दरवाज्याची चौकट धरली, एका हातानं वीणेची दांडी धरली, आणि पोत्यात उतरलो.

भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाय ठेवून मी तुडवत होतो. फार जपून. निदान सुरुवातीला फार जपून. मंग पायांना जुनी सवय आठवली. वर आणखी कापूस टाकला, आणखी तुडवला. कापूस दबत गेला तसा मी वर येत गेलो, आणि खाली भोपळा नेमका कुठं आहे ते पायांना कळेनासं झालं.

टच्‌ असा आवाज आला.

घरची बाई चुलीकडून म्हणाली, "काय वाजलं?"

"बोंडाचं टरफल," मी म्हणालो.

वाळकं टरफल कापसात राहतंच. मी खाली बघितलं, कापूस पांढरा शुभ्र. मी स्वतःला सांगितलं, टरफलच. एकदा एखादी गोष्ट बोललो की तीच खरी मानायची माझी जन्माची खोड आहे. उपसून बघायला पाव घटका लागली असती. पण उपसून बघायचं म्हणजे शंका आली असं झालं असतं, आणि बाई चुलीकडून उठून दारात येऊन उभी होती. मी पोत्याचं तोंड दांडीभोवती सुतळीनं आवळलं, उघड्या दांडीवर जुनी चादर बांधली, आणि पोत्यावर थाप मारली. दगड. अगदी दगड.

बुधवारी सकाळी शेजाऱ्याचा टेम्पो परतूरला चालला होता, त्यात बसलो. लेकीनं तिच्या गावच्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो बाजाराला परतूरला येणार होता, जाताना मला घेऊन जाणार होता. मी स्टँडजवळ पोतं मिठीत धरून उभा राहिलो. तेवढ्यात कापूस घेणारा एक जण आला. पोतं बघितलं, मला बघितलं.

"काय बाबा, एकच पोतं? काय भाव पाहिजे?"

"विकायचं न्हाई."

"सगळेच असं म्हणतात. ओल बघू द्या." आणि मी हात धरायच्या आत त्यानं सुतळी सरकवून दांडीच्या कडेनं पोत्यात हात खुपसला, मनगटापर्यंत.

टुंग.

त्यानं हात बाहेर काढला. पोत्याकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. "बाबा, तुमचा कापूस वाजतो."

"वाजणारच. जमीन तशी हाय," मी म्हणालो.

आजूबाजूची माणसं हसली आणि मीही हसलो. पण तो आवाज जरा घोगरा होता. खोकला झालेल्या माणसानं हाक मारावी तसा. कापसामुळं असेल, असं मी मनाशी ठरवलं. त्या दिवशी मी फार ठरवाठरव केली.

जीपवाला आला. तिशीतला माणूस, दाढी, डोक्याला मफलर. त्यानं पोतं जीपच्या टपावर टाकायला हात पुढं केला तर मी असा ओरडलो की स्टँडवरच्या शेळ्या उठल्या.

"चाचा, चाचा, हळू," तो म्हणाला. "तुमच्या लेकीनं बोलून ठेवलंय. वीणाय ना? तुमी मधल्या शीटवर बसा. मी बैलगाडीसारखी गाडी चालवतो."

आणि त्यानं खरंच तशी चालवली. आम्हाला सायकलवाले मागं टाकून चालले होते. रस्त्यात खड्डा दिसला की आधीच सांगायचा, "चाचा, खड्डा येऊन राह्यला, पकडा बराबर." मागची माणसं कुरकुरली. एक जण म्हणाला, "आरं, लग्नाची नवरी बसवली का गाडीत?" जीपवाला म्हणाला, "नवरी असती तर उडवत नेली असती. ही सात दिवस खाली बसणार न्हाई, हिचा मान वेगळा."

मी वाटभर सगळ्यांना शिकवत होतो. नाजूक वस्तू कशी न्यावी. फोममध्ये काय अर्थ नाही. कापूस पाहिजे, पण तो घट्ट पाहिजे. घट्ट भरायला आमच्या वेळची माणसं पाहिजेत. जीपमधल्या एका मास्तरणीनं ते ऐकून मान डोलावली. ती पुन्हा कधी भेटली तर मला तिची नजर चुकवावी लागेल.

लेकीच्या गावात पोचलो तेव्हा दुपार कलली नव्हती. देवळापुढं मांडव चालला होता. माझे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, सप्ताहाच्या कामाचे पुढारी. ते खुर्चीवरून उठून आले. लेक आली, तिची सासू आली, मोठी जाऊ आली, मांडव सोडून माणसं आली.

"इवाई, वीणा आणायची होती, कापूस कशाला आणला?" इवाई म्हणाले.

"आत बघा," मी म्हणालो, आणि सुतळी सोडली.

मूठ मूठ कापूस उपसायला लागलो. मी असा भरला होता की हाताला येईना. मंग चौघंजण उपसायला लागले. मांडवात पांढरं पांढरं झालं. शेवटी वीणा बाहेर आली ती वीणा वाटत नव्हती. अंगभर कापूस चिकटलेला, तारांत कापूस, खुंट्यांत कापूस.

"अगं बया, म्हातारी मेंढीच की!" मोठी जाऊ म्हणाली, आणि सगळा मांडव हसला.

लेक हसली नाही. ती खाली बसली, वीणा मांडीवर घेतली आणि पदरानं कापूस पुसायला लागली. दांडी पुसली, भोपळ्यावरची लाकडी तबली पुसली, मंग भोपळ्याच्या मागच्या बाजूला हात गेला आणि तिथं थांबला. तिनं हळूच पुन्हा थोडा कापूस त्यावर ठेवला. जणू काही झाकल्यानं ते भरून येणार होतं.

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "हे कवा झालं?"

मी वाकून बघितलं. वीतभर तडा. मधोमध रुपयाएवढा तुकडा आत दबलेला.

आता हे मी लिहितो ते मनातून लाज वाटत असताना लिहितो. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. टच्‌ आवाज कानात पुन्हा वाजला. आणि माझ्या तोंडातून मोठ्यानं निघालं, "गाडीत झालं. खड्डे का थोडे हायेत तुमच्या रस्त्याला?"

जीपवाला माणसांच्या मागं उभा होता. वीणा नीट पोचली का ते बघायला थांबला होता बिचारा. तो पुढं आला. भोपळा बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"चाचा, मी तर..." तो म्हणाला, आणि पुढं बोललाच नाही. एवढ्या वयाच्या माणसाला तोंडावर खोटं कसं म्हणावं, असं त्याला वाटलं असणार.

इवाई तापले. "तुला सांगितलं होतं ना जपून आण म्हणून? उद्यापासून कीर्तनकारांना आणायची गाडी तुझी ठरली होती. राहू दे. दुसरी बघू."

"राहू द्या मालक," तो म्हणाला. "गाडीचं राहू द्या. पण सकाळी वीणा लागंल ना? मी आत्ता परभणीला जातो. कुठं मिळते का बघतो. माझ्या गाडीत मोडली तर माझ्यावर आलं." आणि तो गाडीकडं निघाला.

मी तिथंच उभा. धोतराला कापूस लागलेला तो एक एक काढत होतो.

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती मोठ्या जावेला म्हणाली, "नदीकडच्या म्हातारीला बोलवून आणा. जल्दी." जाऊ एरवी टोमणा मारल्याशिवाय पाऊल उचलणारी नाही, पण ती पळतच गेली.

ही म्हातारी मासे धरणाऱ्यांतली. पूर्वी त्यांची माणसं वाळलेले भोपळे पोटाखाली बांधून गोदावरीत उतरायची, जाळी टाकायची. आता ट्यूब आणि थर्माकोल आले, पण तिच्या घरात अजून भोपळे टांगलेले आहेत आणि फुटला तर ती नीट करते. ती आली ती एका हातात राळेची पुडी आणि दुसऱ्या हातात सायकलच्या चाकाचा आरा घेऊन. माझ्या वयाची असेल. मला ते आवडलं नाही; माझ्या वयाच्या माणसानं माझी चूक बघावी असं मला वाटत नव्हतं.

तिनं वीणा उताणी घेतली, तड्यावर अंगठा फिरवला, वाकून दबलेल्या तुकड्याकडं एका डोळ्यानं बघितलं.

"कोण उभा राहिला हिच्यावर?"

"गाडीत धक्का बसला," इवाई म्हणाले.

"धक्क्यानं असं होत न्हाई. धक्का लागला तर तडा पळतो, लांब जातो. हे वरून दाबलंय. पोरं काठावर ठेवलेल्या भोपळ्यावर पाय देतात तवा अस्संच होतं. ही टाच हाय बघा, टाच." तिनं आजूबाजूच्या कापसाकडं बघितलं. मंग माझ्या पायांकडं बघितलं. माझ्या टाचा रुंद आहेत, भेगा पडलेल्या आहेत, आणि त्या भेगांत त्या वेळी कापूस होता.

मंग तिनं राळेची पुडी सोडली.

जीप चालू झाल्याचा आवाज आला.

मला पळता येत नाही. गुडघा धरतो. तरी मी पळालो. एक चप्पल मांडवात राहिली. जीपच्या पुढं जाऊन दोन्ही हात वर केले, तेव्हा गाडी थांबली. जीपवाल्यानं काच खाली केली.

"चाचा, बाजूला व्हा, परभणीवरून यायला टाइम लागतो."

"जाऊ नको," मी म्हणालो. दम लागला होता. "मी तुडवली."

"काय?"

"वीणा. पोत्यात घालून मी तुडवली. कापूस तुडवतो तशी. आवाज ऐकला होता घरीच. तुझ्या खड्ड्याचं काही न्हाई."

मी हे हळू बोललो असतो तर बरं झालं असतं, पण दम लागला की माझा आवाज मोठा होतो. मांडवापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. मंग मोठी जाऊ म्हणाली, "तुडवली? वीणा?" आणि जो हशा उठला तो मी आजपर्यंत विसरलो नाही. एक जण तर मांडवाच्या खांबाला धरून हसत होता.

जीपवाला हसला नाही. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला, माझी राहिलेली चप्पल मांडवातून आणून माझ्या पायापुढं ठेवली. म्हणाला, "घाला चाचा. काटे हायेत."

मला वाटलं शिवी दिली असती तर बरं.

इवाई आले. मंग जीपवाल्याला म्हणाले, "उद्या सकाळी कीर्तनकारांना आणायला तूच जा. मी उगंच बोललो." माझ्याकडं बघून म्हणाले, "इवाई, तुमी पण..." आणि हात झाडला.

म्हातारीनं तोपर्यंत काम चालू केलं होतं. आधी तारा ढिल्या केल्या. नेमकं जे परतूरच्या माणसानं सांगितलं होतं तेच. मंग तिनं आऱ्याचं टोक वाकवून आकडा केला, तड्यातून आत घातला, आणि दबलेला तुकडा असा हळूच बाहेर ओढला की बघणाऱ्यांनीही श्वास धरला. तो जागेवर बसला. चुलीवर राळ थोड्या तेलात पातळ करून ठेवली होती. म्हणाली, "कापूस द्या. सरकी काढून. एवढा पसरलाय तर चिमूटभर कामाला येऊ द्या." लेकीनं सरकी काढून कापसाचे लांब धागे ओढून दिले. म्हातारीनं ते राळेत भिजवून तड्यात बसवले, वरून धुतलेल्या धोतराच्या फडक्याच्या चिंध्या, पुन्हा राळ.

धोतर माझं होतं. मीच काठ फाडून दिला.

"माझा म्हातारा अशा भोपळ्यावर पूर आलेली नदी पार करायचा," ती काम करता करता म्हणाली. "तुमी कोरड्या जमिनीवर बुडवला."

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडात नीट बसत नाही, जिभेला सवय नाही. दोनदा म्हणावा लागला तेव्हा तिला ऐकू गेला.

"राहील का सात दिवस?" लेकीनं विचारलं.

"गळ्यात राहील. पोत्यात राहणार न्हाई."

संध्याकाळपर्यंत राळ कडक झाली. त्या गावच्या पेटीवाल्यानं तारा चढवून वीणा लावली. तो लावत असताना मी डोळे मिटले नाहीत, मानही हलवली नाही. आवाज पहिल्यासारखा गोल नव्हता, जरा खरखर होती. पण वीणा होती.

लेक दुपारपासून माझ्याशी बोलली नव्हती. जेवायला वाढताना म्हणाली, "आबा, पहिला पहारा तुमचा ठरलाय. ज्यानं वीणा आणली त्याचा पहिला मान असतो."

"नको. दुसऱ्याला दे."

"मी गावात सांगितलंय, माझे वडील वीणा आणतील आणि पहिला पहारा करतील. अर्धं झालं, अर्धं राहिलंय. आता माझी मान अर्धी मोडू नका."

सकाळी वीणा माझ्या गळ्यात घातली. पट्टा मानेला, भोपळा पोटाशी. राळेचा तो खडबडीत भाग सदऱ्यातून पोटाला लागत होता. दोन तास मी उभा राहिलो. नाम तोंडात होतं, पण मन सगळं त्या वीतभर जागेवर होतं. तार छेडली की तिथं गुदगुली व्हायची, आणि मी मनात म्हणायचो, धर बाई, धर. पोटही मी आत ओढून धरलं होतं, दाब पडू नये म्हणून. दोन तास पोट आत ओढून बघा.

पहारा संपला. पुढचा माणूस आला, गळ्यात वीणा घेता घेता माझ्या कानात म्हणाला, "बाबा, जाताना पाय जरा लांबून टाका." तो त्या दिवसापासून सप्ताहाचा मंत्रच झाला. जो जो वीणा घ्यायचा तो तो म्हणायचा. सात दिवस, चोवीस तास. मला लांबून येताना बघून पोरं जमिनीवरच्या वस्तू उचलायची. मोठी जाऊ मात्र तुणतुणं हा शब्द पुन्हा बोलली नाही. आणि माझ्या पोतंभर कापसाच्या बायकांनी बसून वाती वळल्या. सातही दिवस देवापुढं माझाच कापूस जळत होता. त्याला जेवढा मान मिळाला तेवढा मला नाही.

आठव्या दिवशी परत निघालो. मी वीणेला हात लावला नाही. लेकीनं तारा ढिल्या केल्या, भोपळ्याला जुन्या गोधडीचे दोन वेढे दिले. जीपवाल्यानं गाडीच्या छताच्या दांडीला एक लुगडं बांधून झोळी केली, तान्ह्या लेकराला करतात तशी, आणि वीणा त्या झोळीत निजवली. भोपळा कशालाच टेकत नव्हता. गाडी हलली की झोळी नुसती झुलायची.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई चाचा. लेकरं नेतो ना गाडीत," तो म्हणाला. "पण तुमी आज मागच्या शीटवर बसा. आणि पाय वर घ्या."

मी मागं बसलो, रिकाम्या पोत्याची घडी मांडीवर घेऊन. जाताना ज्या रस्त्यावर मी सगळ्यांना शिकवत होतो, त्या रस्त्यावर एक शब्द बोललो नाही. जीपवाला मात्र त्याही दिवशी खड्डा आला की सांगत होता. सवयीनं.

घरी पोचलो. घरची बाई दारात उभी होती. तिनं मला बघितलं, वीणेला बघितलं, धोतराचा फाटका काठ बघितला. लेकीचा फोन तिला पहिल्याच दिवशी आला असणार, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"काय मंग," ती म्हणाली, "बोंडाचं टरफल सापडलं का?"

आत गेलो, वीणा खुंटीला टांगली, राळेचा भाग भिंतीकडं करून. चहा प्यायला बाहेर आलो. परत आत गेलो तर तिनं वीणा फिरवून ठेवली होती. ठिगळ समोर. तेव्हापासून ते तसंच आहे. वीणा मागायला माणसं दारात आली की मी आता लगेच बाहेर येतो. आत कुणी बघू नये म्हणून.